धुक्यातला घाट, ट्रॉलीचा लाल दिवा आणि माझा बदललेला सिनॉप्सिस



'पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, पण विषयच नीट बसत नाही,' असं तुमच्यापैकी बरेच जण म्हणतात. म्हणून आज माझ्याच विषयाची गोष्ट सांगते. त्यात थोडं भौतिकशास्त्र आहे, थोडं गणित आहे, आणि संशोधनाचा प्रश्न कसा घासून-पुसून नेमका करायचा तेही आहे. गणिताला घाबरू नका, बारावीच्या पुढचं काही नाही.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचा विषय होता 'हिवाळी वादळे आणि डोंगरी रस्त्यांवरील वाहतूक सुरक्षा'. ऐकायला भारदस्त. मी हिमालयावरचे, अमेरिकेतल्या डोंगरांवरचे पेपर उतरवून घेतले होते. हिमवादळ, रस्त्यावर गोठलेला बर्फ, चाकांना लावायच्या साखळ्या, सगळं होतं. गाइड मॅडमनी पानं चाळली आणि विचारलं, "तू बर्फ पाहिलायस का गं?" मी म्हटलं, "फ्रीजमधला." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गाव कुठलं तुझं? केज ना? मग हिवाळ्यात पहाटे घरून विद्यापीठात येताना तुला कशाची भीती वाटते, ते लिहून आण."

उत्तर मला लगेच माहीत होतं. घाटातल्या धुक्याची.

ती पहाट

बीड जिल्ह्याच्या मधून बालाघाटची रांग जाते. बीड शहर बिंदुसरेच्या खोऱ्यात आणि मांजरसुंबा वर पठाराच्या काठाला. सोलापूर–धुळे महामार्ग तिथून घाट उतरून बीडकडे येतो. जानेवारीतल्या एका पहाटे आमची एसटी हा घाट उतरत होती. वर चांदणं स्वच्छ होतं, आणि एका वळणानंतर जणू कुणी काचेवर चुना फासला. ड्रायव्हरकाकांनी गाडी अगदी बैलगाडीच्या चालीवर आणली. मागून दोन-तीन जण कुरकुरले, "अहो, चला की, उशीर होतोय." काका काही बोलले नाहीत. मिनिटभरात त्यांनी ब्रेक दाबला. पुढे, पंधरा-वीस पावलांवर, उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पंक्चर होऊन उभा होता. मागच्या ट्रॉलीला दिव्याची वायरच नव्हती. रिफ्लेक्टर होता, पण त्यावर धूळ आणि वरून लोंबणारी उसाची टोकं.

"मास्तर, बॅटरी घेऊन मागं जाऊन उभं राहा बरं," काका कंडक्टरला म्हणाले. मास्तर बॅटरी हलवत मागे गेले. ट्रॅक्टरवालं पोरगं विशीचंही नसेल. ते थंडीनं कुडकुडत जॅक लावत होतं.

हे फक्त माझ्या प्रवासाचं नाही. दिवाळीच्या आगेमागे आपल्या जिल्ह्यातली गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोचा कोयता, लेकरं, भांडी, कधी शेरडंसुद्धा, सगळं एका ट्रॉलीत. प्रवास बहुतेक रात्रीचा. आणि पुढचे चार-पाच महिने ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात, त्याही रात्री-पहाटे. म्हणजे धुक्याचा हंगाम आणि सगळ्यात कमी दिसणाऱ्या वाहनांचा हंगाम एकच. माझा विषय इथून सुरू झाला.

घाटात धुकं येतं कसं?

धुकं म्हणजे जमिनीला टेकलेला ढग. तो बनायचे आपल्याकडे मुख्यतः दोन मार्ग.

पहिला: रात्री आकाश निरभ्र, वारा मंद. जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, तिला लागून असलेली हवा गार होते, आणि हवेतली वाफ थेंबांच्या रूपात बाहेर येते. गार हवा जड, म्हणून ती उतारावरून घरंगळत खोलगट भागात साचते. नदीकाठ, तलाव, नुकतं पाणी दिलेलं रान अशा ठिकाणी हे धुकं आधी धरतं. माजलगाव किंवा मांजरा धरणाच्या बाजूला राहणाऱ्यांनी हे पाहिलेलं असेल.

दुसरा: दमट हवा वाऱ्याबरोबर डोंगर चढते. वर जाताना ती पसरते आणि गार होते, दर १०० मीटरला साधारण १ अंश सेल्सिअस. तिचा दवबिंदूही उतरतो, पण सावकाश, १०० मीटरला ०.२ अंशाच्या आसपास. म्हणजे दोघांतलं अंतर दर १०० मीटरला ०.८ अंशानं मिटत जातं. यातून एक सोपं सूत्र मिळतं: तापमान आणि दवबिंदू यांतला फरक गुणिले १२५, तितक्या मीटरवर ढग सुरू. समजा खाली गावात तापमान १६ आणि दवबिंदू १५ अंश आहे. फरक १, म्हणजे १२५ मीटरवर ढगाचा तळ. घाटमाथा गावापेक्षा १५० मीटर उंच असेल, तर गावातल्या माणसाच्या दृष्टीनं 'आज जरा ढगाळ आहे', आणि घाटातल्या ड्रायव्हरच्या दृष्टीनं समोरचं काही दिसत नाही. ढग तोच. कोण कुठे उभं आहे यावर त्याचं नाव ठरतं.

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे विदा गोळा करताना हेच नडतं.

आता थेंबांबद्दल. एक घनमीटर हवेत ०.१ ग्रॅम पाणी थेंबांच्या रूपात आहे असं धरा. थेंबांची त्रिज्या १० मायक्रोमीटर असेल, तर दृश्यमानता साधारण २०० मीटर येते. तेवढंच पाणी ५ मायक्रोमीटरच्या थेंबांत वाटलं, तर ती १०० मीटरवर येते. पाणी वाढलं नाही, थेंब बारीक आणि जास्त झाले. थेंब कशाभोवती बनतात? हवेतल्या धुराच्या, धुळीच्या, राखेच्या कणांभोवती. ऊस तुटल्यावर फडात पाचट पेटवतात, त्या धुराचा इथे संबंध असू शकतो. 'असू शकतो' हे शब्द मी मुद्दाम वापरलेत. आपल्या घाटात तो आहे का, हे मोजल्याशिवाय म्हणता येणार नाही.

'दिसत नाही' म्हणजे किती दिसत नाही?

भारतीय हवामान विभागाच्या भाषेत दृश्यमानता १००० मीटरच्या खाली गेली की धुकं. ५०० ते १००० हलकं, २०० ते ५०० मध्यम, ५० ते २०० दाट आणि ५० मीटरच्या खाली अतिदाट.

पण दृश्यमानता म्हणजे काय? हवामानशास्त्रात तिची एक व्याख्या अशी आहे: दिव्याचा सरळ झोत हवेतून जाताना ज्या अंतरावर मूळच्या ५ टक्के उरतो, ते अंतर. दृश्यमानता ५० मीटर याचा अर्थ ५० मीटरनंतर प्रकाशाचा विसावा हिस्सा शिल्लक. विमानतळांवर ती मोजायला यंत्र असतं. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनं बनवलेलं 'दृष्टी' हे असंच यंत्र.

आता हा आकडा रस्त्यावर आणू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबात ड्रायव्हरला धोका दिसून ब्रेक लावेपर्यंत २.५ सेकंद धरतात, आणि ६० किमी वेगाला रस्त्याचा घर्षणांक ०.३६. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. विचार करण्यातच गाडी ४२ मीटर पुढे जाते. ब्रेक लागल्यावर आणखी ३९. एकूण ८० मीटरच्या आसपास, आणि हाच आकडा त्यांच्या तक्त्यात आहे. घाटाचा ५ टक्के उतार धरला तर ८८ मीटर.

उलटा हिशेब करा. दृश्यमानता ५० मीटर असेल तर सपाट रस्त्यावर सुरक्षित वेग येतो सुमारे ४३ किमी, उतारावर चाळिशीच्या जवळ. आणि हा हिशेब पुढचं वाहन थांबलेलं आहे असं धरून आहे. धारूर घाटासारख्या अरुंद रस्त्यावर समोरून गाडी अंगावर येत असेल, तर ५० मीटर दोघांत वाटले जातात. प्रत्येकाच्या वाट्याला २५. तेव्हा सुरक्षित वेग उरतो पंचविशीत. आमचे ड्रायव्हरकाका हा हिशेब कागदावर न मांडता करत होते.

गारपिटीचंही थोडक्यात सांगते, कारण आपल्याकडे बर्फ पडतो तो याच रूपात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागाला गारांनी झोडपलं, ते तुम्हाला आठवत असेल. उत्तरेकडून जाणाऱ्या पश्चिमी विक्षोभाचा पट्टा दक्षिणेपर्यंत उतरला आणि त्याला बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट हवा भेटली, की असं होतं. चर्चा पिकांची झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण रस्त्यावर गारांचा थर असताना घर्षणांक समजा ०.१५ वर आला, तर तोच ६० किमीचा वेग, तोच उतार, आणि थांबायचं अंतर १८० मीटरच्या पुढे. म्हणून गारा सुरू झाल्या की घाट उतरायचा नाही, सुरक्षित जागा बघून थांबायचं.

दिवा की रिफ्लेक्टर?

त्या पहाटेपासून माझ्या डोक्यात हा प्रश्न होता. ट्रॉलीला रिफ्लेक्टर पट्टी लावण्याच्या मोहिमा होतात, त्या चांगल्याच आहेत. पण रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही. आपल्या गाडीचा प्रकाश धुक्यातून तिथपर्यंत जातो आणि परत धुक्यातूनच आपल्याकडे येतो. म्हणजे गाळणी दोनदा.

दृश्यमानता ५० मीटर आहे आणि ट्रॉली ५० मीटरवर. ट्रॉलीच्या मागे पेटलेला लाल दिवा असेल, तर त्याचा ५ टक्के प्रकाश आपल्यापर्यंत पोचतो. रिफ्लेक्टर असेल तर जाताना ५ टक्के आणि येताना त्याच्या ५ टक्के, म्हणजे ०.२५ टक्के. वीसपट फरक! रिफ्लेक्टरच्या बाबतीत ५ टक्क्यांची पातळी गाठायला आपल्याला २५ मीटरपर्यंत जवळ जावं लागतं. आणि २५ मीटरमध्ये थांबता येईल असा वेग किती? तोच, पंचविशीतला.

यात मी फक्त धुक्यानं खाल्लेला प्रकाश धरलाय. दिव्याची मूळ ताकद, अंतराबरोबर पसरणारा झोत, रिफ्लेक्टरचा दर्जा, हे सगळं वेगळं. पण दिशा स्पष्ट आहे: स्वच्छ रात्री रिफ्लेक्टर पुष्कळ काम करतो, दाट धुक्यात त्याला दिव्याची जागा घेता येत नाही. मागच्या ट्रॉलीला एक साधा, बॅटरीवर चालणारा, उघडझाप करणारा लाल दिवा टांगणं ही फार मोठ्या खर्चाची गोष्ट नाही. तसंच अप्पर लाइट. धुक्यात तो लावला की थेंबांवरून उजेड आपल्याच डोळ्यांत परत येतो. म्हणून डिप्परवर चालवायचं.

एकच प्रश्न, दोन उलटी उत्तरं

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा.

१९९८ मध्ये 'नेचर'मध्ये स्नोडेन, स्टिम्पसन आणि रडल यांचा एक छोटा लेख आला. सिम्युलेटरवर बसलेल्या लोकांना ठराविक वेगानं गाडी चालवायला सांगितलं. दृश्य धुकट केलं तसे लोक जास्त वेगानं चालवू लागले. स्पष्टीकरण असं: दृश्यातला उजेड-अंधाराचा फरक कमी झाला की मेंदूला वेग कमी वाटतो. पीटर थॉम्पसन यांनी १९८२ मध्येच प्रयोगशाळेत असा परिणाम दाखवला होता. निष्कर्ष पटण्यासारखा होता: धुक्यात अपघात होतात, कारण लोकांना आपण हळू चाललोय असं वाटतं.

२०१२ मध्ये 'ईलाइफ'मध्ये प्रेत्तो, ब्रेशानी, रायनर आणि ब्युल्थॉफ यांनी हाच प्रश्न पुन्हा घेतला. त्यांचा आक्षेप साधा होता. आधीच्या प्रयोगांत सगळं दृश्य सारखंच फिकट केलेलं होतं, जसं काच धुरकट झाल्यावर होतं. खऱ्या धुक्यात जवळचं स्पष्ट दिसतं आणि लांबचं पुसट होत जातं. त्यांनी अंतरानुसार वाढणारं धुकं दाखवलं, आणि उत्तर उलटं आलं. लोकांना आपला वेग जास्त वाटला आणि ते हळू चालवू लागले.

दोन्ही प्रयोग प्रामाणिक. फरक पडला तो 'धुकं म्हणजे काय' याच्या व्याख्येत. सिनॉप्सिसमध्ये 'कार्यात्मक व्याख्या' असा एक रकाना असतो, जो आपण सगळे दुसऱ्याचा बघून भरतो. तो रकाना किती महत्त्वाचा आहे, ते यातून कळतं. आणि घाटातल्या एसटीत बसून विचार केला तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात: बाहेर धुकं, आणि आतून वाफ धरलेली काच. काच पुसणं ही बारीक गोष्ट वाटते, पण काच धुरकट असणं म्हणजे जवळपास १९९८ चा प्रयोग.

आणखी एक. लोक हळू चालवतात म्हणजे ते पुरेसं हळू चालवतात असं नाही. ८० वरून ६० वर येणं हेही हळूच आहे, पण ५० मीटर दृश्यमानतेला हवेत चाळीस.

विदा कुठून आणायची?

आता खरी अडचण. 'बीड जिल्ह्यातल्या घाटात धुक्यामुळे अपघात वाढतात' हे वाक्य सिद्ध कसं करणार?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात अपघातांची हवामानानुसार विभागणी असते. तिथे सगळ्यात जास्त अपघात दिसतात ते स्वच्छ हवामानात. मग स्वच्छ ऊन धोकादायक का? अर्थातच नाही. वर्षातला बहुतेक काळ हवा स्वच्छच असते. समजा एका रस्त्यावर १०० अपघातांपैकी ८ धुक्यात झाले. आकडा लहान वाटतो. पण त्या रस्त्यावरची फक्त २ टक्के वाहतूक धुक्यात होत असेल, तर धुक्यातला धोका स्वच्छ हवेपेक्षा चारपटीहून जास्त निघतो. (हे आकडे उदाहरणासाठी आहेत, कुणी पेपरमध्ये टाकू नका!) वरचा ८ मिळवणं तुलनेनं सोपं. खालचा २, म्हणजे धुक्यात किती गाड्या गेल्या, तो कुणी मोजलेला नसतो. भाजक हरवलेला असतो, आणि बरेच सिनॉप्सिस इथेच अडकतात.

'ब्लॅक स्पॉट'ची व्याख्याही बघा. राष्ट्रीय महामार्गावरच्या सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. म्हणजे जागा धोकादायक ठरायला आधी माणसं जावी लागतात. आपल्याला धोका त्याआधी ओळखता येईल का, हा माझ्या कामाचा गाभा आहे.

मग धुक्याची नोंद? हवामान वेधशाळांत मुख्य नोंदी सकाळी ८:३० आणि संध्याकाळी ५:३० ला होतात. पहाटे साडेपाचचं घाटातलं धुकं साडेआठपर्यंत विरूनही जातं, आणि वेधशाळा घाटात नसते. उपग्रहाकडे वळलो तर इन्सॅट–३डी मालिकेतला उपग्रह रात्रीचं धुकं दोन अवरक्त पट्ट्यांतल्या फरकावरून ओळखतो. पण त्याचा एक चौकोन जवळपास ४ किमीचा, आणि वरून बघताना ढग जमिनीला टेकलाय की शंभर मीटर वर आहे हे कळणं अवघड. आठवलं ना, ढग तोच? धुक्याचा सखोल अभ्यास आपल्याकडे होतोय. पुण्याच्या आयआयटीएमनं २०१५–१६ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर 'विंटर फॉग एक्सपेरिमेंट' चालवलाय. पण विमानतळ सपाट असतो आणि तिथे ऊसतोडीच्या ट्रॉल्या नसतात.

म्हणून मी काय करते? घाटाच्या पायथ्याला आणि माथ्याला तापमान-आर्द्रता नोंदवणारी दोन छोटी यंत्रं. एका ठरलेल्या जागेवरून दर १५ मिनिटांनी फोटो, ज्यात अंतर मोजून ठेवलेल्या खुणा आहेत. कितवी खूण दिसते, त्यावरून दृश्यमानता. आणि त्याच जागी दर तासाला गाड्यांची मोजणी: किती गेल्या, त्यात ट्रॉल्या किती, मागे दिवा पेटलेल्या किती. हरवलेला भाजक मला असा हातानं गोळा करावा लागतोय. काम कंटाळवाणं आहे. पहाटे चारला घाटात उभं राहायला घरून परवानगी मिळवणं त्याहून अवघड होतं. आता भाऊ सोबत येतो आणि तो गाड्या मोजण्यात माझ्यापेक्षा पटाईत झालाय.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

विषय कुठलाही असो, हे पाच प्रश्न कागदावर लिहून उत्तरं द्या:

१. माझ्या मुख्य शब्दाची मोजता येईल अशी व्याख्या काय?
२. ती व्याख्या बदलली तर निष्कर्ष उलटेल का?
३. माझा भाजक कोणता, आणि तो कोण मोजतं?
४. उपलब्ध नोंद माझ्या जागेची आणि माझ्या वेळेची आहे का?
५. उत्तर मिळालं तर कुणाला, काय वेगळं करता येईल?

पाचव्या प्रश्नाला माझ्याकडे सध्या एकच लहान उत्तर आहे, आणि ते पीएचडी पूर्ण व्हायची वाट बघत नाही. तुमच्या गावातून या हंगामात ट्रॉली निघणार असेल, तर निघण्याआधी मागे जाऊन बघा. लाल दिवा पेटतो का? मागच्या ट्रॉलीपर्यंत वायर आली का? रिफ्लेक्टर पुसलाय का? घाटात बंद पडली तर मागे बॅटरी घेऊन उभं राहायला कोण, हे ठरलंय का?

सिनॉप्सिसचं शीर्षक आता बरंच लहान झालंय, आणि त्यात वादळ हा शब्द नाही. मॅडमनी या वेळी पानं चाळली नाहीत, वाचली. मग म्हणाल्या, "भाजकाचं प्रकरण अजून कच्चं आहे, पण आता हा विषय तुझा आहे."

भाजकावर काम चालू आहे. पुढच्या वेळी गाड्यांच्या मोजणीचा नमुना-तक्ता कसा बनवायचा, ते सांगेन.